कच्चे खनिज रोखल्यानंतरचा प्रश्न

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटरीला लागणारी निकेल, कोबाल्ट आणि लिथियम ही खनिजे ज्यांच्या जमिनीत आहेत, अशा देशांनी गेल्या काही वर्षांत एकामागून एक निर्यातीचे दरवाजे ओढून घ्यायला सुरुवात केली आहे. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून निकेलचे कच्चे खनिज बाहेर पाठवणे बंद केले. झिंबाब्वेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि नामिबियाने जून २०२३ मध्ये कच्च्या लिथियमवर बंदी आणली. जगातील कोबाल्टपैकी सुमारे दोन तृतीयांशाहून अधिक कोबाल्ट ज्या एका देशात निघतो, त्या काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची निर्यातच थांबवली आणि पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरपासून कोटा लागू केला. काँगोचा तात्कालिक हेतू पडलेले भाव सावरण्याचा होता. बाकीच्यांची मागणी मात्र उघड आहे: माती आमची आहे, तर कारखानाही आमच्याकडे उभा राहू द्या आणि बॅटरी इथेच बनू द्या.

गोव्यात राहणाऱ्याला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि आताचा धारबांदोडा या तालुक्यांतून निघालेले लोहखनिज मांडवी आणि जुवारीतून बार्जने मुरगावला गेले आणि तिथून १९५० च्या दशकापासून प्रामुख्याने जपानला, तर २००० नंतर चीनला रवाना झाले. २०१०-११ या एका वर्षात साडेचार कोटी टनांहून अधिक गोमंतकीय खनिज निर्यात झाले. त्या वेळच्या लोकसंख्येने भागले, तर माणशी तीस टन. जपानच्या भूगर्भात लोहखनिज जवळपास नाहीच, तरी महायुद्धात बेचिराख झालेला तो देश दोन दशकांत पोलादाचा आणि त्या पोलादापासून बनणाऱ्या जहाजांचा व मोटारींचा देश झाला. ज्या प्रदेशाने त्याला माती पुरवली, त्याच्याकडे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी बंद पडल्या तेव्हा काय उरले होते? पाण्याने भरलेले खंदक, रिजेक्शनचे, म्हणजे खाणीतील टाकाऊ मातीचे डंप, गाळाने भरलेली शेते आणि बँकेच्या हप्त्यांखाली दबलेले टिपरमालक. या व्यवसायाने गोव्यात संपत्ती आणली नाही असे कोणी म्हणणार नाही. पण त्या संपत्तीतून पोलादाची विद्या इथे का रुजली नाही, हा प्रश्न आहे, आणि मला वाटते की बॅटरीबाबत आज चाललेल्या वादाचे मर्मही तेच आहे.

खनिजाचा सौदा कसा होत असे ते जवळून पाहिले, म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. बार्ज भरताना आणि पुढे जहाजावर खनिज चढताना ठरावीक अंतराने नमुने काढले जात, ते वाळवून दळले जात आणि प्रयोगशाळेत त्यांतील लोह, सिलिका, ॲल्युमिना, फॉस्फरस आणि ओलावा यांचे प्रमाण मोजले जाई. भाव त्या कागदावर ठरत असे. लोह ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी भरले की दंड कापला जाई, आणि ओलाव्याचे वजन तर पैशांत धरलेच जात नसे. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या कित्येक गोमंतकीय तरुणांना या नमुने काढण्याच्या आणि तपासण्याच्या कामाने रोजगार दिला, आणि ते काम त्यांनी चोख केले. पण या धंद्याने त्यांच्या रसायनशास्त्राकडे मागणी केली ती एवढीच, की निघून चाललेल्या मातीत लोह किती आहे ते बिनचूक सांगा. त्या लोहाचे पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी विचारले नाही. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाण अभियांत्रिकीची शाखा निघाली, धातुशास्त्राची निघाली नाही. त्यात महाविद्यालयाचा दोष नाही, कारण धंद्याला जे हवे होते ते त्याने शिकवले.

पोलाद इथे का बनले नाही, याची उत्तरे खाणवाल्यांकडे तयार असत, आणि ती खोटी नव्हती. गोव्याचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे, त्यात भुकटीचे प्रमाण मोठे, तर देशातील पोलाद कारखान्यांना उच्च प्रतीचा दगड हवा असे. कोक बनवता येईल असा कोळसा जवळपास नाही, आणि वीज परराज्यांतून येते. तरीही प्रयत्न अजिबात झाले नाहीत असे नाही. पाळी येथे खनिजाच्या भुकटीच्या गोळ्या बनवणाऱ्या देशातील सुरुवातीच्या पेलेट प्रकल्पांपैकी एक उभा राहिला, आमोणे येथे बाहेरून येणाऱ्या कोळशावर कच्चे लोखंड तयार होऊ लागले. पण चीनने भुकटीलाही भाव देण्यास सुरुवात केल्यावर, जे बार्जमध्ये टाकले की पैसे होतात त्यावर आणखी प्रक्रिया करण्याचे कष्ट घेण्याची गरज कोणाला उरली नाही. तेजीच्या काळात उद्योगाची विद्या शिकण्याचा धीर नसतो आणि मंदीत शिकण्यासाठी पैसा नसतो, या पेचातून वाट काढणे हे सरकारचे काम होते.

आता मूळ विषयाकडे. खनिज देशांची मागणी केवळ स्वाभिमानाची आहे असे मानणाऱ्यांनी वजनाचा हिशेब करून पाहावा. इंडोनेशियातील लॅटराइट खनिजात निकेल असते दीड-दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक टन निकेलसाठी साठ-सत्तर टन ओली माती समुद्रापार न्यायची आणि त्यातील जवळपास सगळी तिकडे टाकून द्यायची. लिथियमच्या स्पॉड्युमीन या दगडाचे संपृक्त चूर्ण केले, तरी त्यात लिथियम ऑक्साइड सहा टक्क्यांच्या जवळपासच असते. अशा वस्तूवर खाणीजवळच प्रक्रिया करावी, हे साध्या वाहतूकखर्चाचे गणित आहे. २०२१ मध्ये ब्लूमबर्गच्या ऊर्जा संशोधन विभागाने केलेल्या अभ्यासात असे दिसले, की कॅथोडच्या, म्हणजे बॅटरीतील धन ध्रुवाच्या, आधीची रासायनिक भुकटी, जिला प्रीकर्सर म्हणतात, ती वर्षाला दहा हजार टन बनवणारा कारखाना काँगोत सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरमध्ये उभारता येईल आणि अमेरिकेत त्याच कारखान्याला जवळपास तिप्पट खर्च येईल.

श्रीमंत देशांचा या बंदीला असलेला विरोध तर पाहण्यासारखा आहे. इंडोनेशियाविरुद्ध युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या पॅनेलने निकाल संघाच्या बाजूने दिला. इंडोनेशियाने अपील केले, पण अपील ऐकणारे मंडळच नेमणुकांअभावी बंद असल्यामुळे प्रकरण तिथेच लटकले. त्यानंतर दोन वर्षे होण्याच्या आत, २०२४ मध्ये, त्याच युरोपीय संघाने कायदा करून ठरवले, की २०३० पर्यंत महत्त्वाच्या खनिजांच्या आपल्या गरजेपैकी ४० टक्के प्रक्रिया आपल्याच भूमीवर झाली पाहिजे. म्हणजे स्वतः करताना जे धोरण ठरते, तेच दुसऱ्याने केले की अडवणूक ठरते. भारतालाही या बाबतीत फार बोलण्याची सोय नाही, कारण ५८ टक्क्यांहून अधिक लोह असलेल्या खनिजावर आपण स्वतः ३० टक्के निर्यातशुल्क लावतो, आणि तेही देशातील पोलाद कारखान्यांना स्वस्तात खनिज मिळावे म्हणूनच.

तेव्हा खनिज रोखण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो त्या बदल्यात काय मागितले जाते याला. मंत्र्यांना फीत कापण्यासाठी कारखाना हवा असतो, आणि कारखाना दिसतो म्हणून तोच मागितला जातो. सुलावेसी बेटावरील मोरोवाली हे या धोरणाचे सर्वांत मोठे प्रदर्शन आहे. मच्छीमारांची वस्ती असलेल्या किनाऱ्यावर चिनी कंपन्यांच्या पुढाकाराने भट्ट्या, जेटी, विमानतळ आणि कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. सरकारी आकड्यांनुसार निकेलच्या वस्तूंची निर्यात वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलरवरून तीस अब्ज डॉलरच्या पुढे गेली, आणि जगात निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून अधिक आज एकट्या इंडोनेशियात निघते. इतक्या कमी वर्षांत इतकी झेप दुसऱ्या कोणत्याही खनिज देशाने घेतलेली नाही, हे मान्य करायलाच हवे.

परंतु निर्यातीचा आकडा म्हणजे देशात राहिलेला पैसा नव्हे. भट्ट्यांची मालकी बहुतांशी चिनी, यंत्रे चिनी, आणि त्यांना दिलेली करमाफी दीर्घ मुदतीची. बाहेर विकण्याची मुभा गेल्यामुळे स्थानिक खाणवाल्यांना आपले खनिज जागतिक भावापेक्षा कमी दराने याच भट्ट्यांना द्यावे लागले, म्हणजे जमिनीतील संपत्तीचा एक हिस्सा सवलतीच्या रूपाने परकीय मालकांकडेच वळला, आणि हे तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी वारंवार दाखवून दिले आहे. तयार होणाऱ्या निकेलपैकी मोठा भाग बॅटरीत न जाता स्टेनलेस स्टीलमध्ये जातो. भट्ट्यांसाठी खास कोळशाची वीजकेंद्रे बांधली गेली, त्यामुळे स्वच्छ वाहनाच्या नावाने निघणारा हा धातू धुरातूनच बाहेर पडतो. २४ डिसेंबर २०२३ रोजी मोरोवालीतील एका भट्टीत दुरुस्तीचे काम चालू असताना स्फोट होऊन मृतांची संख्या एकवीसवर गेली. बॅटरीचे सेल बनवणारा कारखाना इंडोनेशियाला मिळाला तो जावा बेटावर, कारावांग येथे, ह्युंदाई आणि एलजी यांच्या भागीदारीत, आणि तो जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. पण खाणीपासून सेलपर्यंतची संपूर्ण साखळी उभारण्याच्या मोठ्या योजनेतून एलजीच्या नेतृत्वाखालील गटाने एप्रिल २०२५ मध्ये अंग काढून घेतले.

सेल बनवणे अवघड असते, आणि किती अवघड हे स्वीडनच्या उदाहरणावरून कळते. नॉर्थव्होल्ट या कंपनीने युरोपची स्वतःची बॅटरी बनवण्यासाठी कर्ज आणि भागभांडवल मिळून सुमारे १५ अब्ज डॉलर उभे केले. देशाच्या उत्तरेला जलविद्युत मुबलक, सरकारचा पाठिंबा भक्कम आणि मोटारकंपन्या ग्राहक म्हणून रांगेत. तरीही ठरलेल्या प्रतीचे सेल ठरलेल्या संख्येने बाहेर पडेनात, बीएमडब्ल्यूने जून २०२४ मध्ये सुमारे दोन अब्ज युरोची मागणी रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. धातूच्या पातळ पत्र्यावर रसायनाचा लेप सारख्या जाडीने चढवायचा, धुळीचा कण येऊ द्यायचा नाही आणि हवेत ओलावा जवळपास शून्यावर ठेवायचा, हे काम वर्षभर, चोवीस तास, चूक न करता करावे लागते. जुलैमध्ये उघडा राहिलेला पापड अर्ध्या तासात नरम होतो, अशा आपल्यासारख्या हवेत केवळ त्या एका कोरड्या खोलीसाठी किती वीज लागेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. शिवाय तयार सेल वजनदार असतात आणि पेट घेण्याच्या धोक्यामुळे त्यांची वाहतूक महाग पडते, म्हणून सेलचे कारखाने खाणीमागे न जाता मोटारींच्या कारखान्यांमागे जातात.

चिलीला हा अनुभव दोनदा आला. लिथियम सवलतीच्या दरात देऊ, पण त्यापासूनचा पुढचा माल आमच्या देशात बनवा, अशी अट घालून २०१८ मध्ये निवडलेल्या कंपन्यांनी माघार घेतली, आणि २०२३ नंतर कॅथोडचे कारखाने काढायला तयार झालेल्या दोन चिनी कंपन्यांनीही २०२५ मध्ये तेच केले. ऑस्ट्रेलिया जगात सर्वाधिक लिथियम खणतो आणि तिथे ना पैशाची वाण आहे ना अभियंत्यांची, तरी तिथल्या लिथियम हायड्रॉक्साइड प्रकल्पांना भाव कोसळताच उत्पादन आवरते घ्यावे लागले. त्यात आणखी एक अनिश्चितता आहे. ज्या लोह-फॉस्फेट बॅटरीत निकेल नाही आणि कोबाल्टही नाही, तिचा वाटा २०२४ मध्ये जगातील विद्युत मोटारींच्या बॅटऱ्यांत निम्म्याच्या जवळ पोहोचला. आपल्याकडे अमुक एक धातू आहे, तेव्हा जग आपल्या दारी येईलच, या भरवशावर तीस वर्षांची योजना आखणाऱ्या देशाची पंचाईत होऊ शकते.

मग हे कौशल्य नेमके कुठे आहे, याचे उत्तर चीनने जुलै २०२५ मध्ये स्वतःच दिले. लोह-फॉस्फेट कॅथोड बनवण्याचे आणि लिथियमवर प्रक्रिया करण्याचे तंत्र परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ नये, असे निर्बंध त्याने लागू केले. ज्या देशाला कोबाल्ट काँगोतून आणि लिथियमचा दगड ऑस्ट्रेलियातून आणावा लागतो, तो देश निर्यातबंदी घालतो ती विद्येवर, कारण त्याच्या दृष्टीने दुर्मीळ वस्तू तीच आहे. खनिज देशांनी सौद्यात आधी मागायला हवे ते हेच. कारखान्यात स्थानिक सरकारची किंवा उद्योगाची खरीखुरी भागीदारी, ठरावीक वर्षांत प्रक्रियेचे प्रमुखपद स्थानिक अभियंत्यांकडे देण्याची लेखी अट, प्रयोगशाळा त्याच देशात आणि तिच्यात लागणाऱ्या शोधांवर सामाईक हक्क, आणि भट्टी पेटण्याआधी तिच्या विजेची सोय. यातले काहीही उद्घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाही. ते कंत्राटाच्या कलमांत असते, आणि कंत्राटे गुप्त ठेवण्याची सवय आपल्याइतकीच त्या देशांनाही आहे.

साखळीतील कोणता दुवा धरायचा, याचेही तारतम्य हवे. मला वाटते, बहुतेक खनिज देशांनी सेलचा हट्ट सोडून मधला टप्पा पकडावा, म्हणजे सल्फेट, हायड्रॉक्साइड आणि प्रीकर्सर यांसारखी बॅटरीच्या प्रतीची रसायने. मोरोक्कोने ही चाल शहाणपणाने खेळली आहे. तिथल्या जोर्फ लास्फर येथे चिनी कंपनी आणि मोरोक्कोचा एक उद्योगसमूह यांच्या जवळपास निम्म्या-निम्म्या भागीदारीत प्रीकर्सरचा कारखाना जून २०२५ मध्ये सुरू झाला. मोरोक्कोकडे फॉस्फेटचे प्रचंड साठे आहेत, युरोप-अमेरिकेशी मुक्त व्यापाराचे करार आहेत आणि मुख्य म्हणजे मोटारींचे चालू कारखाने आहेत, म्हणून सेल बनवणारेही आता तिथे येऊ लागले आहेत. ज्यांच्याकडे एवढ्या गोष्टी एकत्र नाहीत त्यांनी शेजाऱ्याशी हातमिळवणी करावी. काँगो आणि झांबिया यांनी एप्रिल २०२२ मध्ये तसा करार केलाही आहे. एकाकडे कोबाल्ट, दोघांकडे तांबे, आणि कंपन्यांनी एकाला दुसऱ्याविरुद्ध खेळवण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. करारावर पुढे काम किती झाले, असे विचारले तर उत्तर फारसे समाधानकारक नाही, पण दिशा चुकीची म्हणता येणार नाही.

बंदी कशी घातली जाते यालाही महत्त्व आहे, आणि इथे गोव्याचा अनुभव पुन्हा आठवतो. २०१२ मध्ये आणि नंतर फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने पुन्हा खाणी थांबल्या, तेव्हा मोठ्या खाणकंपन्यांना इतर धंदे होते. फटका बसला तो कर्ज काढून ट्रक घेतलेल्या कुटुंबांना, बार्जवरच्या खलाशांना, तिस्क-उसगाव आणि कुडचड्यातील गॅरेजवाल्यांना. तिथे कारण बेकायदा उत्खननाचे आणि पट्ट्यांच्या नूतनीकरणातील गैरप्रकारांचे होते, त्यामुळे न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु धोरण म्हणून निर्यात थांबवणारे सरकार तारीख आधी जाहीर करू शकते, शुल्क वर्षावर्षाने वाढवू शकते आणि मधल्या काळात लोकांना तयार करू शकते. इंडोनेशियाने २०१४ मध्ये बंदी घातली, २०१७ मध्ये सैल केली आणि २०२० मध्ये पुन्हा आवळली. या धरसोडीचा लाभ थांबण्याची ऐपत असणाऱ्यांनाच झाला. दुसरीकडे, गोव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिलेली एक अट मला अनुकरणीय वाटते: खनिजविक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा कायमस्वरूपी निधीत टाकायचा. जमिनीतील ठेवा एकदाच विकता येतो, तेव्हा त्याच्या किमतीतला काही भाग पुढच्या पिढीच्या नावे राहिला पाहिजे, हे तत्त्व काँगोलाही लागू आहे आणि झिंबाब्वेलाही.

या सगळ्यात आपण भारतीय म्हणून कोणत्या बाजूला उभे आहोत, याचाही विचार व्हायला हवा, कारण या खेळात आपण खरेदीदार आहोत. काजूच्या बाबतीत गोव्याला हे नुकतेच जाणवले आहे. इथले काजू कारखाने केवळ गोव्याच्या बियांवर चालत नाहीत, आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बिया त्यांना लागतात. बेनिनने एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यात बंद करून बिया फोडण्याचे काम आपल्याच लोकांना देण्याचे ठरवले, तेव्हा आपल्याकडे नाराजीचा सूर निघाला. लोहखनिजाच्या बाबतीत जो न्याय आपण स्वतःसाठी मागत आलो, तोच बेनिन मागत होता.

बॅटरीच्या बाबतीत आपली गरज याहून मोठी आहे. १८,१०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेतून ५० गिगावॅट-तास क्षमतेचे सेल देशात बनवण्याचे २०२१ मध्ये ठरले, पण काम रखडले आणि सेल अजून मुख्यतः चीनमधूनच येतात. जम्मूतील रियासीच्या लिथियम साठ्याचा २०२३ मध्ये गाजावाजा झाला, पण लिलावाला पुरेशा बोली आल्या नाहीत. काबिल या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनात लिथियमचे पाच पट्टे घेतले, आणि झांबियाने २०२५ मध्ये तांबे व कोबाल्टच्या शोधासाठी ९,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र भारताला देऊ केले. या करारांत चीनपेक्षा अधिक पैसा ओतणे आपल्याला जमणार नाही. आपण देऊ शकतो ते वेगळे आहे. धनबादच्या आयआयटीसारख्या संस्थांत त्यांच्या विद्यार्थ्यांना केवळ खाणकाम नव्हे तर धातुशास्त्र आणि विद्युत-रसायनशास्त्र शिकवता येईल, सल्फेटपर्यंतची प्रक्रिया झांबियातच आणि त्यांच्या भागीदारीत होईल असे लिहून देता येईल, आणि तयार होणारे रसायन ठरलेल्या भावाने पंधरा-वीस वर्षे विकत घेण्याची हमी देता येईल. अशा हमीवर कारखान्याला बँका कर्ज देतात. झांबियात शोधकार्यानंतर खाणकामाचे हक्क मागण्याची वेळ येईल, तेव्हा ही तीन कलमे भारताच्या मसुद्यात असावीत, आणि तो मसुदा दोन्ही देशांच्या संसदेपुढे ठेवला जावा.